मदत हवी आहे: टुडुइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये कामं पटापट कशी टाकायची?

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे सध्या कामांचा नुसता पूर आलाय. लिफ्टवाल्याला फोन, टाकी धुणं, ऑडिटरला वह्या, सभेची नोटीस... सगळं व्हॉट्सॲपवर येतं, आणि मी ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने टुडुइस्टमध्ये एकेक काम टाकते.

कामासोबतच इंग्रजीत 'टुमॉरो 6 पीएम' लिहिलं की तारीख-वेळ आपोआप लागते. 'पी1' लिहिलं की सगळ्यात तातडीचं, '#' लावून प्रोजेक्ट. हे फार सोयीचं आहे, एकेका कामाला ते जमतं. अनेक ओळी एकदम पेस्ट केल्या तर प्रत्येक ओळीचं वेगळं काम करता येतं, हेही माहीत आहे. पण मग प्रत्येकाला तारीख कशी लावायची? एकाच वेळी सगळी निवडून लावता येते का, मोबाइलवरून?

दुसरं, अध्यक्षकाका सगळं मराठीत पाठवतात. 'येत्या रविवारी' वाचून तारीख लावणारं एखादं ॲप कुणी वापरतंय का? आणि मराठीत बोलून काम टाकायचं असेल तर कोणता कीबोर्ड बरा? अँड्रॉइड फोन आहे.