बांधावरचा अमरकंद: खावा की राखावा?

प्रश्न (शिराळा): बांधाला अमरकंद (जमिनीत वाढणारं ऑर्किड) उगवलाय. पानं लांब, घडीदार. फुलाचा दांडा शेजारून स्वतंत्र. कंद खातात ना? रोप न मारता कधी काढावा?

उत्तर (पाटण): हो, खातात. पण आधी ओळख पक्की करा. अमरकंद गोलसर असतो, अंगावर जुन्या पानांच्या वळ्या, कापला की बुळबुळीत चीक. त्याच बांधावर कळलावीची वेलही असते. तिचा कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा आणि जहाल विषारी. पान सुकल्यावर दोन्ही जमिनीवर दिसेनासे होतात, म्हणून पावसाळ्यातच, फूल असताना, खुणेची खुंटी ठोकून ठेवा.

उत्तर (वाई): पान पूर्ण पिवळं पडल्याशिवाय उकरू नका, तोवर नवा कंद भरत असतो. कंद साखळीने असतात. टोकाचा डोळेवाला (नवा कोंब फुटणारा) आणि त्यामागचा एक जागेवरच ठेवा, मागचे जुने तेवढे घ्या. चार-पाच रोपं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: खाऊ नका, वाढवा. बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नाही. मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. म्हणून उपटलेली जागा सहजी भरून येत नाही. आणि कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही राखीव वनातून उकरणं गुन्हा आहे.

शिराळा: कुंडीत लावला तर?

वाई: दहा इंची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत निम्मं-निम्मं. कंद दोन बोटं खोल. पान गेलं की पाणी बंद, वळीव येईपर्यंत. हिवाळ्यात पाणी घातलं की कंद हमखास सडतो.