मदत हवी आहे: आईच्या केसपेपरवर 'क्रॉनिक' लिहिलंय, म्हणजे आता जन्मभर का?

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचं आहे. लांबलं तर सांभाळून घ्या, मधलं गाळलं तर तुम्हालाही नीट सांगता येणार नाही.

आई ६४ वर्षांची. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो, पर्वतीच्या अगदी जवळ. गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात तिला एकदम ताप भरला, १०३ पर्यंत. दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं आणि मनगटं, घोटे, बोटं अशी धरली की पलंगावरून उठायलाही माझा हात लागायचा. रक्त तपासलं. डेंगी निगेटिव्ह, चिकनगुनिया पॉझिटिव्ह. पॅरासिटामॉल, पाणी, आराम. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सुटलो म्हणून देवापुढे साखर ठेवली.

सांधे मात्र सुटले नाहीत. आता पावणेपाच महिने होतील. सकाळी उठल्यावर तासभर तरी बोटं मिटत नाहीत. कुकरचं झाकण लावता येत नाही, कणीक तिंबता येत नाही, उजव्या हातातली बांगडी सुजेमुळे निघत नाही. संक्रांतीला तिळगूळ करायला बसली. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात हे तुम्हाला माहीत आहेच. हाताला पाणी लावून तिने दोन वळले. तिसरा मुठीत आला, पण मूठच मिटेना. तीळ बोटांतून ताटात सांडले. तिने पुन्हा गोळा केले, पुन्हा सांडले. मग 'तू वळ गं' म्हणाली आणि हात न धुताच गॅलरीत जाऊन बसली. ही बाई गेल्या उन्हाळ्यापर्यंत रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून यायची.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी, ह्या आमवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह. त्यांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू केलं, डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'पोस्ट चिकनगुनिया क्रॉनिक आर्थ्रायटिस'. बाहेर खूप गर्दी होती. विचारायचं सुचलं ते रिक्षात बसल्यावर.

आमच्या घरात 'क्रॉनिक' हा शब्द बाबांच्या साखरेबरोबर आला. त्यांना १९ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे क्रॉनिक आहे, गोळी कायमची. आईने तेव्हापासून त्यांचा सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा दर रविवारी भरला आहे. परवा कागद वाचून ती एवढंच म्हणाली, 'म्हणजे आता माझाही डबा.' बाबाही म्हणाले की एकदा सुरू केली की सुटत नाही, तू शक्यतो सुरूच करू नकोस. काल चहापत्तीच्या डब्यामागे तिची गोळ्यांची पट्टी सापडली. त्यातल्या दोनच गोळ्या संपलेल्या. पंधरा दिवसांत दोन.

मी रागावले नाही, पण मला धक्का बसला. दुखणं सोसणारी बाई एका शब्दापुढे हात टेकते, हे मला बघवत नाही.

म्हणून विचारते. क्रॉनिक म्हणजे कायमचं, असंच का? सप्टेंबरच्या कागदावर 'अक्यूट' लिहिलं होतं, म्हणजे तीव्र. आता दुखणं तेव्हापेक्षा कमी आहे, मग नाव बदलून ते जास्त वाईट कसं झालं? एका आजारातून दुसरा झाला, की तोच आजार लांबला? आणि शेजारच्या काकू सांध्यांसाठी कुठल्याशा पुड्या आणून देतो म्हणतायत, दोन दिवसांत फरक पडतो म्हणे. द्याव्यात का?

औषध कुठलं घ्यावं हे विचारत नाही, ते डॉक्टरांनाच विचारीन. मला आईला समजावायचं आहे, आणि त्यासाठी आधी मला समजलं पाहिजे.

– पायथ्याची

प्रतिसाद: फॅमिली डॉक्टर

ताई, ३१ वर्षं दवाखाना चालवून आता थांबलो आहे. तुमच्या आईंना न तपासता त्यांच्याबद्दल ठाम बोलणार नाही. शब्दांबद्दल मात्र बोलतो, कारण ह्या दोन शब्दांनी घाबरलेली माणसं मी रोज पाहिली आहेत.

आपण अक्यूटला 'तीव्र' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आजार किती जोरात आहे ते सांगतायत. खरं तर तो शब्द आजार कसा आला ते सांगतो: अचानक आला, दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत त्याचा निकाल लागतो. साधी सर्दी अक्यूटच, आणि हार्ट अटॅकही अक्यूटच. क्रॉनिक ह्या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला 'काळ' आहे. म्हणजे लांबलेला. त्यात 'वाईट' नाही आणि 'कायमचा' तर नाहीच.

आयुर्वेदात ह्यासाठी जास्त नेमके शब्द आहेत. मी ॲलोपॅथीचा, तरी पेशंटला समजावताना तेच वापरायचो. आजार किती वेगाने चालतो ते सांगायला आशुकारी आणि चिरकारी. बरा होतो की नाही ते सांगायला साध्य, कष्टसाध्य, याप्य, असाध्य. याप्य म्हणजे मुळातून जात नाही, पण औषधपाण्याने ताब्यात राहतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या घरात त्यांची गाठ बसली आहे. बाबांचा मधुमेह चिरकारी आणि याप्य. टीबीसुद्धा चिरकारी, महिनोन् महिने अंगात मुरतो, पण साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने पूर्ण बरा होतो. दोन्ही क्रॉनिक, पण शेवट अगदी निराळे.

आजार कधीपासून क्रॉनिक म्हणायचा ती तीन महिन्यांची रेघ डॉक्टरांनी ओढली आहे, शरीरात तशी काही खूण नसते. चिकनगुनियात साधारण पहिले तीन आठवडे अक्यूट धरतात, तिथून तीन महिन्यांपर्यंत मधला काळ, आणि त्यापुढे दुखलं तर क्रॉनिक. प्रत्येक तक्रारीची रेघ वेगळी. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांनंतर क्रॉनिक म्हणतात (दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीची तपासणी करायची, ती वाट बघत बसायची नाही). कंबर बारा आठवडे, मूत्रपिंड तीन महिने, बी कावीळ सहा महिने. दूषित पाण्याची ए कावीळ तर कधी क्रॉनिक होतच नाही. बी कावीळ मोठेपणी झाली तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत मुरते, जन्मतः झाली तर नव्वदांत. म्हणून बाळाला जन्मल्याबरोबर लस देतात.

रेघ ओढायचं कारण एवढंच की ती ओलांडली की डॉक्टरांनी वेगळा विचार करायचा असतो. आपोआप जाईल म्हणून वाट बघणं थांबवायचं, दुसरं काही नाही ना ते तपासायचं, औषधाची जात बदलायची. चिकनगुनियानंतरचा संधिवात आमवातासारखा दिसतो, म्हणून तर त्या दोन तपासण्या केल्या. त्या निगेटिव्ह आल्या ही चांगली बाजू आहे.

तोच आजार लांबला का, हा प्रश्न चांगला विचारलात. ताप आणणारा विषाणू रक्तातून आठवड्याभरात जातो. पुढची सूज बरीचशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने धरून ठेवलेली असते. बहुतेकांची काही महिन्यांत, कुणाची वर्ष-दोन वर्षांत ओसरते. थोड्या लोकांची त्याहून जास्त टिकते, हेही लपवत नाही.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा परिणाम दिसायला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. दोन गोळ्यांवरून काही ठरत नाही. ती कायमची आहे असं तुमच्या डॉक्टरांनी म्हटलेलं नाही, तर तसं धरू नका. 'किती महिने घेऊन बघायचं आणि कमी कधी करायचं' हे पुढच्या वेळी थेट विचारा. पुढे कधी मेथोट्रेक्सेट दिलं तर एक गोष्ट लक्षात असू द्या: सांध्यांसाठी ते आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

पुड्या अजिबात नकोत. दोन दिवसांत फरक पडणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे. साखर, रक्तदाब, हाडं, सगळ्याचं नुकसान, आणि एकदम थांबवल्या तर आणखी वेगळा त्रास.

प्रतिसाद: बार्शीकर

१९७३ साली आमच्या बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. मग तो देशातून तीसेक वर्षं जवळजवळ दिसलाच नाही आणि २००५-०६ ला परत आला. त्या पहिल्या साथीत आमची आजी सापडली होती. घरात अजून सांगतात, ती भिंत धरून वाकून चालायची. (ह्या आजाराचं नावच टांझानियातल्या एका भाषेत 'वाकवणारा' अशा अर्थाचं आहे.) तिने त्या साली ज्वारी काढली नाही. पुढच्या हुरड्याला मात्र ती शेतात होती, कणसं स्वतः भाजत होती. उजवा अंगठा पूर्वीसारखा झाला नाही, सुई ओवायला ती आम्हाला हाक मारायची. बाकी ८० वर्षांपर्यंत जगली. आईंना सांगा.

प्रतिसाद: धायरी फाटा

२०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, ह्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) आला तेव्हा माझा भाचा आयसीयूत होता. आजार अक्यूट, चार आठवड्यांच्या आत जेवढा वाढायचा तेवढा वाढतो. पण पाय परत चालू व्हायला त्याला सात महिने लागले. आजाराची मुदत आणि बरं व्हायची मुदत वेगळी असते, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर रोज सकाळी 'आज तरी उठेल का' करत बसलो नसतो.

प्रतिसाद: आंबेमोहर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी उठल्या उठल्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं हात बुडवून ठेवू दे, आणि पाण्यातच बोटं हळूहळू मिटायची-उघडायची. मग चहा. कणीक, फडकी पिळणं, घट्ट झाकणं सध्या दुसऱ्याकडे. पण हात अगदी बांधून ठेवू नका, शेंगा सोलणं, भाजी निवडणं चालू राहू दे. पर्वती इतक्यात नको, उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. तळजाईला सपाट रस्ता आहे, तिथे पंधरा मिनिटं चालायचं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही तरच पाच मिनिटं वाढवायची. बांगडी आत्ताच काढून घ्या, गरज पडली तर कापून. सुजलेल्या हातावर राहू देऊ नका.

पायथ्याची

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरकाका, तुमचा प्रतिसाद आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'याप्य' शब्दाशी बाबा थांबले आणि म्हणाले, हा माझा. आई काही बोलली नाही. रात्री जेवण झाल्यावर तिने पट्टी स्वतःच मागितली, आणि बाबांच्या डब्यात न ठेवता वेगळ्या वाटीत ठेवली. बार्शीच्या आजींचं तिने दोनदा वाचायला लावलं. अंगठ्याचं वाचून वाईट वाटेल अशी मला भीती होती, पण तिला तेच खरं वाटलं.

बांगडी काल सोनाराकडून कापून आणली. पुढच्या तपासणीला प्रश्न वहीत लिहून नेतेय, गोळी किती महिने हा पहिला.

आंबेमोहरताई, पाण्यात मीठ घालायचं का? आई विचारतेय.

प्रतिसाद: आंबेमोहर

घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी. उपयोग उबेचा आहे. हाताला चिरा असतील तर नको, झोंबेल.