वायबीसीओ फिल्म: एक्सआरडी झकास, पण करंट काहून कमी?

वावरातला_फिजिक्सवाला: भाऊ लोक, मी एमएस्सीचा, गाव वणीकडचं. प्रोजेक्टसाठी नागपूरच्या एका लॅबमध्ये पीएलडीनं (लेझरच्या झटक्यांनी पातळ थर बसवायची पद्धत) एमजीओवर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या तुकड्यावर, वायबीसीओची फिल्म टाकली. वायबीसीओ म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड, थंडीत रेझिस्टन्स झिरो होणारा सुपरकंडक्टर. एक्सआरडीत (एक्स-रे टाकून क्रिस्टलची रचना पाहाची चाचणी) फक्त ००एल पीक (आडव्या थरांचे), एकदम टोकदार, रेझिस्टन्स ८८ केल्विनला झिरो. पण ७७ केल्विनला क्रिटिकल करंट (रेझिस्टन्स झिरो राहून जाणारा जास्तीत जास्त करंट) पाहिला तर चौरस सेंटिमीटरला काही हजार अँपिअरच, अन् चांगल्या फिल्मचा १० लाखाच्या वर जाते म्हणतात. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात त्याच ७७ केल्विनच्या लिक्विड नायट्रोजनात हे चालते म्हटल्यावर बाबाले लई कौतुक वाटलं, म्हणून हे नीट समजून घ्यायचं हाय.

पातळथर: तुझ्या एक्सआरडीनं एवढंच सांगितलं की सगळ्या ग्रेनचा (फिल्ममधल्या बारीक क्रिस्टलचा) सी-ॲक्सिस, म्हणजे क्रिस्टलची लांब बाजू, उभा हाय. करंट तर कॉपर-ऑक्सिजनच्या आडव्या थरातून जाते, अन् तिथं ग्रेन एकमेकांच्या तुलनेत किती फिरलेले हायत हे त्यात दिसतच नाही. दोन वावरांचे तास धुऱ्यावर जुळले नाहीत तर डवरा सरळ पुढं जात नाही ना, तसंच. १९८८ ला आयबीएममध्ये डिमोस, चौधरी, मॅनहार्ट यांनी बायक्रिस्टलवर (ठरलेल्या अँगलनं जोडलेले दोन क्रिस्टल) हेच मोजलं, अँगल वाढला की ग्रेनमधल्या बाउंडरीतून जाणारा करंट धपकन पडते, १० डिग्रीच्या पुढं तर फारच. एमजीओची लॅटिस (अणूंच्या रचनेतलं अंतर) ४.२१ अँगस्ट्रॉम, वायबीसीओची ३.८५ च्या आसपास, म्हणजे ९ टक्क्यांचा फरक, त्यामुळं ४५ डिग्री फिरलेले ग्रेन तिथं बऱ्याचदा निघतात. फाय-स्कॅन कर, म्हणजे सॅम्पल गोल फिरवत एक्सआरडी घे.

ऑक्सिजन_भाऊ: बरोबर. पण ८८ म्हणजे ऑक्सिजनही थोडा कमी असू शकते, चांगली फिल्म ९० च्या वर जाते, ४५० डिग्रीला ऑक्सिजनमध्ये ॲनीलिंग (तापवून ठेवणं) वाढवून पाह्य. तरी करंट एवढा पडायला मुख्य कारण ग्रेनच वाटते मले.

पातळथर: अन् एसटीओवर (स्ट्रॉन्शियम टायटनेट) एक फिल्म टाकून पाह्यच, लॅटिस ३.९०५, बरीच जुळते. फक्त तिथं सबस्ट्रेटचा (फिल्मखालच्या तुकड्याचा) २०० पीक अन् वायबीसीओचा ००६ एकमेकांवर येतात, म्हणून ००५ पाह्य.

वावरातला_फिजिक्सवाला: लई धन्यवाद दादा. फाय-स्कॅनले कोणता पीक घेऊ?

पातळथर: १०३ घे, टू-थीटा (एक्स-रे वळायचा अँगल) ३२.८ डिग्रीच्या जवळ, सॅम्पल ४५ डिग्री टिल्ट. ९०-९० डिग्रीवर चारच पीक आले तर ग्रेन जुळलेले, मधात ४५ वर अजून चार दिसले तर तेच फिरलेले ग्रेन. ग्राफ इथं टाक.