सरकीतलं जनुक ओळखणारं यंत्र शेतकऱ्याकडे हवं का?

अकोटकर: गेल्या खरिपात शेजारच्या काकांनी 'चोर बीटी' (तणनाशक सोसणारी, पण मंजुरी नसलेली कपाशी) म्हणून एका एजंटाकडून चढ्या भावाने दोन पाकिटं घेतली. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं आणि तणाबरोबर निम्मी पऱ्हाटीही जळाली. बियाणंच बेकायदा, पावती नाही, तक्रार कुठे करणार?
म्हणून म्हणतो, डीएनए ओळखणारे विद्युत-रासायनिक सेन्सर आता गावात यायला हवेत. सोन्याच्या किंवा कार्बनच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा एकेरी धागा बसवतात. नमुन्यात त्याचा जोडीदार धागा असला की दोन्ही चिकटतात आणि विजेचा प्रवाह बदलतो. वाचायला ग्लुकोमीटरएवढं यंत्र पुरतं.

पिपेट: मी रोज डीएनए काढतो. ग्लुकोमीटरशी तुलना पटत नाही. रक्ताचा थेंब थेट पट्टीवर टाकता येतो. सरकी आधी दळा, डीएनए वेगळा करा, बहुतेक वेळा त्याच्या प्रती वाढवा, मग सेन्सर.
आणि शोधणार कोणता धागा? बऱ्याच चाचण्या '३५एस' शोधतात. फुलकोबीच्या विषाणूतला हा तुकडा जनुकबदल करताना सर्रास वापरतात. पण २००२ पासून मंजूर असलेल्या, बोंडअळी रोखणाऱ्या बीटी कपाशीतही तो आहेच. मंजूर काय, चोर काय, दोन्ही सारखेच दिसतील.

अकोटकर: मग ३५एस सोडा, ग्लायफोसेट सोसणारं सीपी४-ईपीएसपीएस जनुकच शोधा.

पिपेट: त्याच्या प्रथिनासाठी चाचणीची पट्टी आधीच मिळते, काही मिनिटांत रेघ उमटते. खरी अडचण पुढेच आहे. पन्नास दाणे एकत्र वाटले आणि त्यातले वीसच खरे निघाले, तरी सेन्सर 'आहे' एवढंच सांगणार. काकांना कळायला हवं होतं ते किती दाण्यांत आहे.

निंदण: मला तर यंत्राचीच धास्ती वाटते. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला उघडपणे ही मंजुरी नसलेली, तणनाशक सोसणारी कपाशी पेरली, तर गुन्हे दाखल झाले. निंदणाला मजूर मिळत नाही म्हणून लोक हे बियाणं घेतात. खिशात मावणारं यंत्र आधी निरीक्षकाच्याच खिशात जाईल.
खरंखोटं बघायचं तर पन्नास सरक्या ट्रेमध्ये उगवा, फवारा, किती मेल्या ते मोजा.

अकोटकर: उगवून, फवारून, रोपं मरेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. आमच्याकडे एजंट पाकीट दाखवतो तेव्हा मृग लागलेला असतो. आणि निरीक्षकाला नमुना पाठवायला प्रयोगशाळा आजही आहे, आपल्या गावात मात्र काही नाही.
दाण्यांचा मुद्दा मात्र मान्य. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. म्हणूनच छापील, स्वस्त इलेक्ट्रोड हवेत: एका पट्टीवर वीस कप्पे, कप्प्यागणिक एक दाणा.

पेंडवाला: कपाशीतच का अडकलात? ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. पण इथे असं सोयाबीन पेरायला मंजुरी नाही. म्हणजे बियाण्यात ३५एस दिसलाच, तर ते बेकायदा.

पिपेट: सोयाबीनबाबत पटलं. तिथे खूण दिसली की बेकायदा हे ठरतं आणि एकत्र वाटलेला नमुनाही चालतो. यंत्र पहिल्यांदा तिथे उतरवा, मी पाठीशी आहे.
कपाशीत वीस कप्पे म्हणजे वीस वेळा डीएनए काढणं, तेही मृगाच्या चिखलात, पाकीट फोडून. इलेक्ट्रोड कितीही स्वस्त करा, ते काम करणार कोण, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही.