मीठ टाकून ओढ्याचा प्रवाह मोजला, दोन सेन्सरचे दोन आकडे! कुठला धरू?

ओलेपाय:
मंडळी, ओढा साधारण ३ मीटर रुंद, सगळा दगडधोंड्यांचा, करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) लावायला धड जागाच नाही म्हणून मीठवाली पद्धत केली. १ किलो मीठ बादलीत ओढ्याच्याच पाण्यात विरघळवून एकदम ओतलं, खाली २० मीटरवर दोन्ही काठांना एकेक कंडक्टिव्हिटी सेन्सर (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो, मीठ जास्त तर आकडा जास्त), दर ५ सेकंदाला रीडिंग. बॅकग्राउंड, म्हणजे ओढ्याच्या पाण्याचं मुळातलं रीडिंग, वजा करून ग्राफखालचं क्षेत्रफळ काढलं तर डावीकडे ४०००, उजवीकडे ३००० (मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी गुणिले सेकंद). ०.५ ने गुणून मिठाचे मिलिग्रॅम प्रति लिटर केले आणि १ किलोला त्याने भागलं की प्रवाह एकीकडे ५०० लिटर प्रति सेकंद, दुसरीकडे ६६७. सरासरी काढून मोकळा होऊ का?

खडकवाट:
सरासरी अजिबात नको. आधी सांगा, मीठ ओतायच्या आधी दोन्ही सेन्सर किती दाखवत होते? एकाचं टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (रीडिंग २५ अंशांवरचं करून दाखवायची सोय) बंद राहिलं असेल तर गार पाण्यात तो कमीच दाखवणार, २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण २ टक्के, पण मग बॅकग्राउंडही त्याच प्रमाणात कमी दिसेल ना.

ओलेपाय:
डावीकडे ८२, उजवीकडे ८१. कॉम्पेन्सेशन दोन्हीत चालू.

खडकवाट:
मग सेन्सर बिचारे निर्दोष आहेत, मीठच नीट मिसळलेलं नाही. एका काठाचं पीक (ग्राफचं टोक) उंच, दुसऱ्याचं बुटकं आणि उशिरा आलं तरी हरकत नसते, पण क्षेत्रफळ दोन्हीकडे सारखंच यायला पाहिजे, ते आलं नाही म्हणजे दोन्ही आकडे बाद. २० मीटर म्हणजे रुंदीच्या ७ पटसुद्धा नाही, निदान १०-२० पट तरी खाली जा, ६० मीटरच्या आसपास बघा, आणि मध्ये दुसरा ओहोळ येऊन मिळत नाही ना आणि मोठा डोह नाही ना तेवढं बघून घ्या. डोहात मीठ रेंगाळतं आणि ग्राफचं शेपूट संपता संपत नाही.

मापटं:
+१. पण ते ०.५ कुठून आणलंत राव? मिठासाठी जवळपास तेवढंच येतं हे खरं, तरी आपल्या ओढ्याच्या पाण्यावर काढलेलं बरं. १० ग्रॅम मीठ घालून १ लिटर द्रावण करा, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. मग १ लिटर ओढ्याच्या पाण्यात ते सिरिंजने एकेक मिली सोडत जा, दर मिलीला कंडक्टिव्हिटी साधारण २० ने चढेल, त्या रेषेचा उतार वापरा. दोन्ही सेन्सर त्याच भांड्यात बुडवा, आणि सेन्सरवर हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर आधी झटका, नाहीतर रीडिंग नाचत बसतं.

ओलेपाय:
६० मीटरवर गेलो तर १ किलो पुरेल का? पीक बसकं होणार ना?

खडकवाट:
होणार, पण रुंदही होतं, क्षेत्रफळ तेवढंच राहतं. ८२ च्या बॅकग्राउंडवर १ किलो आरामात दिसेल. फक्त रीडिंग परत ८२ वर येऊन टेकेपर्यंत लॉगर (रीडिंग नोंदवणारं यंत्र) बंद करू नका, शेपूट कापलं की क्षेत्रफळ कमी भरतं आणि प्रवाह उगाच फुगून येतो.