माती उचलली, पुढे काय?

जुन्या प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देण्याच्या) कारखान्याच्या दूषित प्लॉटबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, दोन फूट माती उखडून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवली की प्लॉट स्वच्छ. माती जाईल हो, पाण्याचं काय?

आपल्या पुण्याखाली बेसाल्ट आहे. वर काळी माती किंवा मुरूम, खाली भेगाळलेला खडक, आणि पाणी फिरतं ते या भेगांतूनच. त्यामुळे एक बोअर खराब आणि शेजारचा ठीक, असं सहज होतं. एका बोअरचा रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे वाटू नका.

जुन्या प्लेटिंगच्या शेडखाली बहुतेकदा षटसंयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचं विषारी, विरघळणारं रूप) असतं. ते पाण्याबरोबर सरकतं. हिराकस (लोहाचा क्षार, तीच जुन्या शाईतली) सोडली की त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम होतं, जे फारसं विरघळत नाही, जागीच बसतं. नुसतं पाणी उपसून शुद्ध करायचं म्हटलं तर पंप बंद केल्यावर काही महिन्यांनी क्रोमियमचा आकडा पुन्हा चढतो, कारण भेगांत आणि चिकणमातीत मुरलेलं हळूहळू बाहेर येत राहतं.

आणि 'पाणी स्वच्छ दिसतंय' हे ऐकून मी थकलोय. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पिवळेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत ती कित्येक पटींनी ओलांडलेली असते.