सोळा ग्रॅमची खार
खार म्हणजे दाणे-फळं कुरतडणारा प्राणी, जंगल कुठलंही असो, असं अनेकदा म्हटलं जातं. मध्य आफ्रिकेतली पिग्मी खार मात्र या चौकटीत बसत नाही.

कॅमेरून, गॅबॉन, काँगो आणि बियोको बेटावरच्या वर्षावनात ती राहते. वजन साधारण 16 ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवलीत तर जेवढं जाणवेल तेवढंच! शेपूट सोडून लांबी जेमतेम सात सेंटिमीटर. शास्त्रीय नाव मायोसायुरस प्युमिलिओ. मायोसायुरस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, genus) ही एकच जाती (species) आहे.

तिचा बराचसा दिवस झाडाची साल खरवडण्यात जातो. खोडावर, फांद्यांच्या खालच्या बाजूने उलटी लटकून ती झपाझप सरकत राहते, इथे दोन चावे, तिथे दोन. वाळव्या, मुंग्याही खाते. प्राणीशास्त्रज्ञ लुईझ एमन्स यांनी 1970च्या दशकात गॅबॉनमध्ये एकाच जंगलातल्या खारींच्या नऊ जातींचा अभ्यास केला होता. आकार, खाणं आणि जंगलातला थर (जमिनीपासूनची उंची) वेगवेगळा असल्यामुळे इतक्या जणी एकत्र नांदतात, हे त्यातून दिसलं. मला हे फार सुंदर वाटतं.

आणखी एक गंमत. बोर्निओत आणि ॲमेझॉनच्या जंगलातही अशाच चिमुकल्या, साल खरवडणाऱ्या खारी आहेत, पण त्या हिच्या जवळच्या नातलग नाहीत. तीन खंडांत तीच जीवनशैली स्वतंत्रपणे घडली आहे.